ओ दिल्यानंतरचे भिंगारदिवे सर

भिंगारदिवे सरांना हाक मारली की ते लगेच ओ द्यायचे आणि यायचे मात्र नाहीत. निदान लगेच नाहीत. जिन्यातून हाक मारा, खालच्या रसवंतीतून मारा, नाहीतर फोनवरून मारा, त्यांची "ओ" क्षणात यायची, अगदी ठणठणीत. मग पाच मिनिटं जायची, पंधरा जायची, आपण विसरून आपल्या कामाला लागायचो, आणि तेव्हा कधीतरी सर खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. "हाक मारलीस ना मघाशी?" सुरुवातीला मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. यायचं नसतं तर ओ कशाला देता, असं मी त्यांना तोंडावर विचारलंही होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. सर शांतपणे म्हणाले, "पन आलो ना? ओ दिली आन् आलोच न्हाई, असं एकदा तरी झालंय का?" झालं नव्हतं. ते मला कबूल करावं लागलं.

आमचं ऑफिस सावेडीत आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्यांवरही तसं लिहिलंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. खाली रसवंती आणि वर आम्ही पाच माणसं, शाळांना, संस्थांना, दुकानांना लागणारी लहानसहान सॉफ्टवेअरं करून देतो. मी पुण्यात शिकून आलेली, त्यामुळे नाकाचा शेंडा जरा वर असलेली. सर पन्नाशी ओलांडल्यावर आमच्यात आले. जन्म पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरचा. वसतिगृहात राहून शिकले, सुप्याच्या एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, तिथल्या यंत्रांना कॉम्प्युटर लागले तेव्हा आपले आपण ते शिकले, आणि एक दिवस नोकरी सोडून आमच्या मालकाकडे, नितीनकडे, येऊन म्हणाले की मला हेच काम आवडतं, मी हेच करणार. नितीनने त्यांना घेतलं, आणि मी मनात म्हटलं, घ्या, आता यांना शिकवत बसा.

त्यांची खुर्ची खिडकीला लागून होती. खिडकीतून एक बाभूळ, एक पाण्याची टाकी आणि खूप आभाळ दिसायचं. दुपारी घारी गोल गोल फिरत वर जायच्या आणि सर त्यांच्याकडे पाहत बसायचे. हात की-बोर्डवर, चहा गार झालेला, डोळे वर. नव्या माणसाला वाटायचं, हे झोपले. पण तसं पाहता पाहता ते मध्येच चार ओळी लिहायचे, आणि त्या चार ओळींना पुन्हा कधी हात लावावा लागायचा नाही. माझ्या दिवसाला दोनशे ओळी व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या दीडशे मीच खोडायची. मला त्यांच्या त्या बसण्याचाही राग यायचा. नंतर नंतर मी मान वर करून पाहायची की सर आज कुठपर्यंत गेलेत.

अशाच एका दुपारी त्यांनी ओ देण्याचं मूळ सांगितलं. त्यांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि पाच-सहा वर्षांच्या या पोरालाही बरोबर न्यायचे. ऊस डोक्याच्या वर, आई आत तोडत असायची, पोरगं दिसायचं नाही. म्हणून ती मधूनमधून नुसतीच हाक मारायची. "माझी ओ ऐकली की तिचा कोयता परत चालू. तिला तेवढीच लागायची. आन् मी खुशाल बांधावर बोरं खात बसलेला." हे सांगताना सर इतके हळू बोलत होते की मला तो ऊस हललेला ऐकू आला. मग म्हणाले, "हाकेला आधी ओ लागती, वैशाली. मानूस मागनं आलं तरी चालतं."

घरीही तीच तऱ्हा. नलिनीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, संध्याकाळी फोन करून येताना कोथिंबीर आणायला सांगायच्या. सर "ओ" म्हणायचे. कोथिंबीर यायची, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजारातून ताजी निवडून आणलेली. काकू म्हणायच्या, यांच्याशी संसार करायचा म्हणजे आजची भाजी कालच सांगून ठेवावी लागते. पण राहून गेलंय असं त्यांच्याही आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि हे त्या थोड्या अभिमानानेच सांगायच्या.

मग ते काम आलं. पाथर्डीच्या बाजूला एक संस्था ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आरोग्याचं बघते. दसरा झाला की टोळ्या निघतात. त्याआधी संस्थेच्या कार्यकर्त्या वस्त्यावस्त्यांवर जाऊन गरोदर बायकांची नावं मोबाईलवर भरतात: कितवा महिना, मुकादम कोण, कुठल्या कारखान्यावर जाणार. नाव भरून बटण दाबलं की पुढचं आमच्या सर्व्हरने करायचं. तिचं कार्ड तयार करायचं, ती जाणार तिथलं जवळचं आरोग्य केंद्र शोधायचं, तिथल्या सिस्टरला कळवायचं, मुकादमाला कळवायचं. कल्पना साधी होती. बाई उसात पोचण्याआधी तिची माहिती तिथे पोचली पाहिजे, म्हणजे सिस्टर तिला शोधत येईल.

पण एवढं सगळं करायला सर्व्हरला पाऊण मिनिट लागायचं, आणि तोपर्यंत मोबाईलवर नुसतं चाक फिरत राहायचं. छायाताई म्हणून तिथली मुख्य कार्यकर्ती होती, तिचा पहिल्याच दिवशी फोन आला. डोंगराकडेच्या वस्तीवर रेंज मिळावी म्हणून ती गोठ्याच्या भिंतीवर चढून मोबाईल वर धरून उभी होती. चाक थांबेना म्हणून तिने परत बटण दाबलं, परत दाबलं, आणि एकाच बाईची तीन कार्डं झाली. खाली पंधरा बाया उन्हात ताटकळत. मी म्हटलं, मी सगळं वेगवान करते. दोन दिवस डोकं फोडलं आणि पाऊण मिनिटाचे चाळीस सेकंद केले. फार मोठा पराक्रम.

सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "तू त्या बाईला भिंतीवर उभी करून सगळं काम का करतीस? आधी ओ दे तिला. नाव मिळालं म्हनावं, उतर खाली. आन् मग कर की सावकाश. तुला कोन घाई करतंय?" खरंच की. नाव लिहून घ्यायला सर्व्हरला क्षणही लागत नव्हता. उत्तर लगेच धाडून द्यायचं आणि हळू चालणारी कामं उत्तर गेल्यानंतर मागे करत राहायची. जगभर हेच करतात, मीही पुस्तकात शिकलेली होते, पण ते मला त्या माणसाने उसातून आणून दिलं.

त्या दिवशी सर खुशीत होते. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "उत्तर निघून गेलं की सर्व्हरकडं कुनी बघत न्हाई. मानूस मोबाईल खिशात घालून चालू लागतं. आन् इकडं हा एकटाच काम करत बसलेला. मला ती वेळ लई आवडती." मला हसू आलं, पण नंतर कितीतरी दिवस काम करताना मला तो एकटा बसलेला सर्व्हर दिसायचा, कुणी पाहत नसताना कार्डं तयार करणारा, कुठल्यातरी गावच्या सिस्टरला निरोप धाडणारा. सरांच्या शेजारी बसलं की असं व्हायचं. यंत्रंसुद्धा जरा गुंगीत आल्यासारखी वाटायची.

मी ते बदल एका दुपारीत केले. सरांनी पाहिले आणि एकच विचारलं, "ही मागची कामं ठेवलीस कुठं?" मी म्हटलं, सर्व्हरच्या डोक्यातच, चालू आहेत तोवर राहतात. त्यांनी मान हलवली. "डोक्यात नको. डोकं फिरलं की गेलं सगळं. कुठंतरी लिहून ठेव, आन् झालं की खोड." मी म्हटलं, हो सर, पुढच्या आठवड्यात करते. खरंच करणार होते. छायाताईचा फोन आला की आता बटण दाबताक्षणी हिरवी खूण येते आणि "नोंद झाली" असं दिसतं, बाया खूश आहेत. नितीनने भेळ मागवली. कौतुकात तो आठवडा गेला आणि त्याच्या पुढचाही गेला.

दसऱ्यानंतरच्या एका दिवशी संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला की बटण निळं आहे ते हिरवं करा, साहेबांना निळा रंग आवडत नाही. दुपारच्या जेवणाचे डबे उघडलेले होते. मी डाव्या हाताने बटणाचा रंग बदलला आणि सर्व्हर बंद करून परत चालू केला. पाच सेकंदांचं काम. त्या दिवशी निरोप पाठवायची यंत्रणा मंद चालली होती, म्हणून सर्व्हरच्या डोक्यात एकोणीस बायकांची कामं साचलेली होती, हे मला माहीत नव्हतं. मी परत डब्याकडे वळले. एकोणीस जणींना "नोंद झाली" असं आधीच सांगून झालं होतं. त्यांचं काम पुसलं गेलं, आणि कुठे काही वाजलं नाही, कुठे लाल अक्षर उमटलं नाही.

पाच आठवड्यांनी, एका सकाळी, छायाताईचा फोन आला. तिच्या वस्तीवरची एक बाई राहुरीकडे तोडीला गेली होती, आणि तिथली सिस्टर म्हणत होती की माझ्याकडे तुझं नाव आलेलंच नाही. मी म्हटलं, असं कसं होईल. सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आम्ही मागचं उकरत गेलो आणि अर्ध्या तासात ती दुपार सापडली. नावं जागेवर होती, पुढचं काही झालेलं नव्हतं. एकोणीस. सर्व्हर कधी बंद केला आणि कशासाठी, तेही तिथेच लिहिलेलं होतं. सरांनी ती ओळ वाचली, मीही वाचली. मग त्यांनी फोन ओढून माझ्यापुढे ठेवला.

आम्ही फोन लावत सुटलो. संध्याकाळपर्यंत अठरा जणींच्या सिस्टरशी बोलणं झालं. राहिली एक. सिंधू नाव, नोंदीच्या वेळी सातवा महिना, आणि नावापुढे छायाताईने लिहिलेलं: "पाय सुजलेत. बीपी जास्त. लवकर बघावे." तिच्या मुकादमाचा फोन बंद. ज्या गावी ती जायची होती तिथली सिस्टर म्हणाली की ही टोळी इथे आलेलीच नाही, नेवाशाच्या बाजूला गेली असं ऐकलंय. मी हिशेब केला. सातवा आणि वर पाच आठवडे. मी म्हटलं, उद्या सकाळपासून परत फोन करत राहू, कधीतरी लागेल. सर म्हणाले, "लागंल तवा लागंल. आपन निघू." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हा माणूस, ज्याने आयुष्यात कधी बोलावल्याबरोबर उठून दाखवलं नाही, गाडीला किक मारून माझ्या दारात हजर होता.

ती सकाळ मला अजून स्वप्नासारखी आठवते. घोडेगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. धुकं इतकं खाली होतं की उसाचे फक्त तुरे दिसत होते, पांढऱ्यावर पांढरे. त्यातून बैलगाड्या यायच्या, आधी घुंगरं ऐकू यायची, मग शिंगं, मग मोळ्यांचा डोंगर आणि त्यावर बसलेलं कुणीतरी, आणि परत काही नाही. मी ओढणी नाकापर्यंत गुंडाळून मागे बसले होते आणि मनातल्या मनात सातव्याचे आठवे करत होते. सर गाडी हळू चालवत होते. कोपी दिसली, म्हणजे उसाच्या पाचटाची ती राहायची झोपडी, की थांबायचे, उतरायचे, मुकादमाचं नाव सांगून विचारायचे. पहिल्या तळावर नाही. दुसऱ्यावर नाही. तिथली एक म्हातारी म्हणाली, पाटाच्या पलीकडे पाथर्डीची माणसं उतरलीत, बघा.

पाटाच्या पलीकडे पंधरा-वीस कोप्या होत्या आणि सगळं सुनसान. माणसं ऊस तोडायला फडात गेलेली. एका कोपीच्या तोंडाशी एक बाई भिंतीला टेकावं तशी पाचटाला टेकून बसली होती. पाय पुढे पसरलेले, आणि ते पाय पाहूनच मला कळलं की हीच. सरांनी नाव विचारलं. ती म्हणाली, "व्हय, मीच सिंधू." चार दिवस झाले तोडायला गेली नव्हती. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चांदण्या येतात म्हणाली. मग आम्ही कोण ते ऐकून तिचा चेहरा उजळला. ती उजळली ते मी विसरू शकत नाही.

"आलासा का," ती म्हणाली. "मी वाटच बगत हुते. परवा शेजारच्या तळावर सिस्टरची गाडी आली हुती. बाया म्हनल्या, चल. मी म्हनलं, माजी नोंद झालीय, ताईंनी मोबाईलवर हिरवी खूण दावलीय, मला न्यायला येतीलच की. म्हनून निवांत ऱ्हायले."

मी सरांकडे पाहिलं. सर कोपीच्या पाचटाकडे पाहत होते. कालपासून मी समजत होते की आमचा निरोप गेला नाही, एवढंच बिघडलं. पण आमच्या हिरव्या खुणेने तिला शेजारच्या तळावर आलेल्या गाडीत बसू दिलं नव्हतं. आम्ही काहीच केलं नसतं, तिचं नावच घेतलं नसतं, तर ती परवाच बाकीच्या बायांबरोबर गेली असती.

पुढचं सगळं भराभर झालं. सरांनी रस्त्यावर जाऊन एक टेम्पो थांबवला, फडातून तिचा नवरा मच्छिंद्र धावत आला, अंगाला पाचट चिकटलेलं तसाच. गावच्या दवाखान्यात बीपी घेतल्यावर डॉक्टरीणबाई आमच्यावरच ओरडल्या, इतके दिवस कुठे होता म्हणून. त्यांनी इंजेक्शन देऊन गाडी करून तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, एवढीशी, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. चार दिवस कुणीच काही खात्रीने सांगत नव्हतं, ना मुलीचं, ना आईचं. मी ऑफिसला जायची आणि काहीच करायची नाही. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दोघी वाचल्या. मी जिन्यात बसून रडले.

त्याच दुपारी सर म्हणाले, "चल, तिला सांगून येऊ." काय सांगायचं ते मला कळलं आणि मी टाळू लागले. संस्थेला तर त्यांनी "आमच्याकडून राहिलं" एवढंच कळवलं होतं, कुणाकडून ते लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, आता कशाला सर, ती बरी होतेय, तिला उगाच त्रास. सर म्हणाले, "तिला न्हाई व्हनार त्रास. तुला व्हईल." मी गेले. वॉर्डात तिच्या खाटेशी उभी राहून सांगितलं की तुझी माहिती त्या दिवशी दवाखान्याला गेलीच नाही, माझ्या हातून ती पुसली गेली, आणि तरी आम्ही तुला नोंद झाली म्हणून सांगितलं. मला वाटलं सिंधू आता शिव्या घालेल. घालाव्यात असं वाटत होतं.

ती म्हणाली, "न्हाई कळवलं तर न्हाई कळवलं म्हनायचं, ताई. मग आमी आमचं बगतो. झालं म्हनलं की मानूस निवांत बसतंय."

बाहेर कडुलिंबाखाली एक दगडी बाक आहे, तिथे आम्ही बसलो. मी म्हटलं, चूक माझी होती, तुम्ही लिहून ठेवायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुझी ती चूक खरी. पन माझी त्याच्या आधीची हाय. ओ देन्याचं मी लई कौतुक केलं." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. एकदा आईला ओ देऊन ते उसाच्या पलीकडच्या विहिरीवर गेले होते. कठडा नसलेली विहीर. आत वाकून पाण्यात स्वतःला पाहत बसले होते. आईचा कोयता चालूच होता, कारण ओ मिळाली होती. "काय झालं न्हाई. पन झालं असतं तर सांजच्याला कळलं असतं तिला." मी त्यांचा हात हातात घेतला. एरवी मी असलं काही करणारी नाही.

त्यानंतर सरांनी मोबाईलवर "नोंद झाली" दाखवणारा तो एक पडदा तीन आठवडे लिहिला. एका पडद्यावर तीन वाक्यं, आणि तीन आठवडे. मागची कामं मी आता लिहून ठेवू लागले होते, सर्व्हर शंभरदा बंद केला तरी ती राहत होती. सर शब्दांपाशी अडले होते. खिडकीशी बसायचे, घारी पाहायचे, एक शब्द खोडायचे. शेवटी ठरलं ते असं. बटण दाबल्याबरोबर दिसायचं: "नाव मिळालं. दवाखान्याला कळवायचं बाकी आहे. कळवल्याचा मेसेज उद्या संध्याकाळपर्यंत आला नाही तर या नंबरवर फोन करा." आणि सिस्टरने स्वतः वाचून बटण दाबल्याशिवाय "कळवलं" हा मेसेज बाईला जायचाच नाही. संस्थेच्या साहेबांना ते "बाकी आहे" मुळीच पसंत पडलं नाही, आपलं काम अर्धवट वाटतं म्हणाले. आयुष्यात कुणाशी आवाज न चढवलेले सर त्या बैठकीत उभे राहिले. म्हणाले, "अर्धवट हायच ते. म्हनूनच लिवलंय." ते वाक्य तसंच राहिलं. खालचा नंबर ऑफिसचा होता, आणि पुढचे तीन हंगाम तो फोन बहुतेक वेळा सरच उचलायचे.

या उन्हाळ्यात सर गेले. हृदयाचं दुखणं होतं, ते त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं, हळूहळू दवाखान्यात जाऊ म्हणत राहिले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. काकू म्हणाल्या, चेहरा खिडकीतून काहीतरी बघत असल्यासारखा होता. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा खूप माणसं होती, सुप्याच्या कारखान्यातली, नात्यातली, आमच्या ग्राहकांपैकी. मला सारखं वाटत होतं की या माणसाचा राग येण्यात मी पहिलं वर्ष फुकट घालवलं. तेवढं मला परत पाहिजे होतं.

परवा, दसरा होऊन चार दिवस झाले होते, सकाळी दहाला ऑफिसचा फोन वाजला. "मी सिंधू बोलतीय, पाथर्डीची. आमच्या जावंचं नाव परवा ताईंनी घातलं. काल सांजपतुर मेसेज यायचा हुता, आला न्हाई. म्हनून केला फोन." मी तपासलं. तिथली जुनी सिस्टर बदलून गेली होती, नवीने अजून वाचलं नव्हतं. मी तिला फोन केला, तिने बटण दाबलं, आणि मी सिंधूला सांगितलं की आता कळवलंय, मेसेज येईल. ती म्हणाली, आला की बगते, मग निघतो. पोरगी अंगणवाडीत जाते म्हणाली, लई खोडकर हाय, बाईंच्या पिशवीतला खडू खाते. आम्ही दोघी हसलो.

मग म्हणाली, "त्या सरांस्नी द्या की फोन. पोरीचा आवाज ऐकवते."

मी तिला सांगितलं, सर मे महिन्यात गेले. पलीकडे कुणीतरी जीपचा हॉर्न वाजवत होतं, तो थांबला.

"आमाला कुनी कळवलं न्हाई," सिंधू म्हणाली.

सर गेले त्या संध्याकाळी काकूंनी मला यादी करायला बसवलं होतं, कुणाकुणाला सांगायचं त्याची. मी एकेकाला फोन लावत रात्रीचं जेवण विसरले होते, ज्यांनी सरांना एकदा पाहिलं असेल अशांनाही सांगितलं होतं. सिंधूचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. राहिलं गं माझ्याकडून, एवढंच मी म्हणू शकले.